पुस्तकांसाठी बांधलेले घर

(द्वितीय वर्ष, कला)

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत वाचलेले आहे. चवदार तळे, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षा ह्या गोष्टी परीक्षेत विचारल्या जातात, म्हणून त्या पाठही असतात. मी इथे त्यांपैकी फारसे काही सांगणार नाही. ह्या वर्षी त्यांच्याविषयी जे जे हाती आले ते वाचताना माझे मन पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी अडत होते. हा माणूस वाचायला बसत कुठे असे? हा प्रश्न मला का पडावा, हे आमच्या पाड्यांवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना समजावून सांगायला नको. कुडाच्या एका घरात सात माणसे, दोन शेळ्या, एक दिवा आणि कोपऱ्यात रात्री उशिरापर्यंत चाललेले शेजाऱ्यांचे बोलणे. त्यात पुस्तक उघडून बसणाऱ्या मुलीकडे सगळे जरा कौतुकाने आणि जरा संशयाने बघतात.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महू छावणीतला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतेपर्यंत थांबावे लागे. पुढे हे कुटुंब मुंबईला लोअर परळच्या डबक चाळीत राहायला आले. एकच खोली, तिच्यातच चूल, सरपण, भांडी आणि सगळी माणसे. तिथे रामजींनी जी युक्ती काढली ती मला फार आवडली. मुलाला संध्याकाळी लवकर निजवायचे आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहायचे. दोन वाजता मुलाला उठवून आपण त्याच जागी झोपायचे. म्हणजे जागा एकच, पण ती दोघांनी वेळ वाटून वापरली. मुलाच्या डोक्याशी जाते, पायाशी शेळी, आणि बिनकाचेच्या रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास.

पुस्तकांसाठीही ह्या सुभेदारांनी हात आखडता घेतला नाही. पेन्शन संपलेली असली की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पुढच्या पेन्शनीतून दागिना सोडवून परत देत. बाबासाहेबांच्या विद्वत्तेविषयी बोलताना आपण त्या बहिणींची आठवण सहसा काढत नाही. ती काढायला हवी असे मला वाटते.

एलफिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायची इच्छा असून त्यांना ते मिळाले नाही, फारसी घ्यावी लागली. घरात गर्दी म्हणून ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या शिक्षकांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी त्यांना आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. सतरा वर्षांच्या आतल्या मुलाला दिलेले हे एक पुस्तक. त्याचा हिशेब पुढे 1956 साली लागला.

केळुसकरांच्याच प्रयत्नाने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून त्यांना कॉलेजसाठी महिना 25 रुपये मिळू लागले. सयाजीरावांविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण ग्रंथालयाचा विषय निघाला की त्यांना वगळता येत नाही. त्यांनी 1906 मध्ये आपल्या राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून गावोगाव वाचनालये काढली. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवीत. एका गावची पेटी वाचून झाली की पुढच्या गावी. त्या राज्याचा नवसारी प्रांत आपल्या डहाणूहून उत्तरेला, रेल्वेने काही तासांवर. पण आपला मुलूख इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात होता. इकडे त्या काळी सावकार, जमीनदार आणि जंगलखाते आले. पेटी आली नाही.

1913 मध्ये सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे पहिल्यांदाच त्यांना कोणी वेगळे बसवले नाही. ग्रंथालयात जाऊन हवे ते पुस्तक मागता येई आणि हवे तेवढा वेळ बसता येई. पोटाला चिमटा घेऊन ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून खरेदी करीत. सुमारे 2000 पुस्तके त्यांनी तिथे जमवली. ती सगळी घरी पोहोचली नाहीत. 1917 मध्ये लंडनहून परत येताना पुढे पाठवलेले सामानही, पुस्तकांसकट, महायुद्धात पाणतीराने बुडवलेल्या बोटीबरोबर समुद्रात गेले. माझ्या मामाच्या होडीतली जाळी एकदा पावसाळ्यात गेली होती तेव्हा तो आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता. पुस्तके गेल्यावर ह्या तरुणाचे काय झाले असेल ते त्यावरून थोडेसे कळते.

न्यूयॉर्कचे नाव आले म्हणून थोडे आडवाटेला जाते. कोलंबियाहून चालत अर्ध्या तासावर हार्लेम ही वस्ती आहे. त्या शहरात त्याच वर्षांत आर्तुरो शोम्बर्ग नावाचे एक काळे गृहस्थ बँकेत टपालाच्या खात्यात काम करीत होते. ते मूळचे पोर्तो रिको बेटावरचे. न्यूयॉर्कला आले ते 1891 मध्ये, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्माच्याच वर्षी. लहानपणी त्यांना शिक्षकांनी सांगितले होते की काळ्या लोकांना इतिहास नसतो, अशी हकीकत सांगतात. शोम्बर्गांनी त्याला तोंडी उत्तर दिले नाही. ते आयुष्यभर काळ्या माणसांनी लिहिलेली आणि त्यांच्याविषयीची पुस्तके, पत्रे, चित्रे जमवीत राहिले. 1926 मध्ये त्यांचा संग्रह, त्यात 5000 हून अधिक पुस्तके होती, 10,000 डॉलर देऊन न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी घेतला गेला आणि हार्लेममध्ये 135 व्या रस्त्यावरच्या शाखेत ठेवला गेला. 1932 पासून 1938 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते स्वतःच त्या संग्रहाचे ग्रंथपाल होते. वस्तीतली मुले, मजूर, लेखक तिथे येत आणि आपल्या आजोबा-पणजोबांविषयी छापलेले वाचीत.

वारल्यांना इतिहास नाही, त्यांच्याकडे फक्त चित्रे आणि तारपा, असे मीही ऐकलेले आहे. म्हणून आमच्या ग्रंथालयात गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मिळाले तेव्हा मी ते उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. त्यात झरी गाव होते, तलासरी होती, वेठबिगार होती. 23 मे 1945 रोजी झरीला वारल्यांची सभा झाली, आणि 10 ऑक्टोबर 1945 रोजी जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन पाच जण मेले. हे पुस्तक 1970 चे. माझ्या आजीला ह्यातले पुष्कळ ऐकून माहीत आहे, पण ते छापलेले आहे हे तिला मी सांगितल्यावर कळले. आणि बाबासाहेबांचा ह्याच्याशी धागा आहे. गोदावरीबाईंचे पती शामराव परुळेकर 1937 मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात निवडून आले होते, आणि जानेवारी 1938 मध्ये खोतीविरुद्ध हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला त्यात दोघेही होते.

पण मी पुढे गेले. 1917 ला परत येऊ. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. परदेशातली पदवी असलेल्या ह्या माणसाला गावात राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. वरच्या मजल्यावर ते एकटेच, भोवती अडगळ, अंधार आणि एक मिणमिणता कंदील. त्या उजेडात ते वाचून वेळ काढीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. कामाठी बागेत झाडाखाली बसून त्या दिवशी ते रडले. न्यूयॉर्कमध्ये ग्रंथालयाचे दार उघडे होते आणि ज्या राज्याने गावोगाव पुस्तके पाठवली त्याच्याच राजधानीत त्यांना टेबल ठेवायला जागा नव्हती. सयाजीरावांचा ह्यात दोष किती, हे मला ठरवता येत नाही. कायदा वरून खाली येतो, पण घराच्या उंबऱ्याशी थांबतो, एवढे दिसते.

मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. काही शाहू महाराजांनी, काही नवल भथेना ह्या मित्राने दिले, आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या दिनक्रमाचे वर्णन वाचताना भूक लागते. सकाळी घरमालकीण पावाचा तुकडा, थोडा मासा आणि एक कप पेय देई. मग ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडताच जाऊन बसायचे ते बंद होईपर्यंत. दुपारचे जेवण नाही, कारण पैसे नाहीत आणि वेळही नाही. बसचे भाडे वाचवायला चालत जायचे. रात्री दहाच्या सुमारास पुन्हा भूक लागली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेल्या पापडांपैकी चार भाजून खायचे आणि पुढे वाचायचे. अशा तीन वर्षांत त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहून डी.एस्सी. मिळवली आणि बॅरिस्टरही झाले.

इथे मला थांबून रमाबाईंविषयी लिहिले पाहिजे. नवरा परदेशी असताना परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांनी संसार कसा रेटला हे सगळे चरित्रकार थोडक्यात सांगतात आणि लंडनकडे वळतात. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. त्यांच्या हाती वाचनासाठी एकांत कधी आलाच नाही. 27 मे 1935 रोजी त्या वारल्या. बाबासाहेबांना ह्याची जाणीव होती आणि ती त्यांनी लपवली नाही. तरी मला वाटते की त्यांच्या पुस्तकांची किंमत दोघांनी मिळून दिली, आणि जास्त कोणी दिली ह्याचे उत्तर आपल्या वर्गातली मुले आणि मुली वेगवेगळे देतील.

जुलै 1924 मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबरच वाचनालये आणि अभ्यासवर्ग होते. सभा-मोर्चे तर होतेच, पण दिवसभर गिरणीत राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला बाक हवा, हे ज्याने बागेत बसून अभ्यास केला त्याला सुचणारच.

मग दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह. 1933 च्या सुमारास ते तिथे राहायला गेले. लोक घर बांधतात ते माणसांसाठी आणि उरल्या जागेत एखादे कपाट ठेवतात. इथे वरचा भाग पुस्तकांसाठी योजला आणि कुटुंब खाली राहिले. नावही बुद्धकाळातल्या मगधाच्या राजधानीचे. पुस्तकांच्या बाबतीत ते कडक होते. कोणी न विचारता उचलून नेलेले त्यांना खपत नसे. ज्याची हजारो पुस्तके एकदा हातची गेली आहेत त्याचा हा स्वभाव मला समजू शकतो. आमच्या ग्रंथपाल बाईही अशाच आहेत, आणि त्यांच्यावर कोणी रागावू नये!

एवढे असूनही त्यांनी पुस्तके आपल्यापुरती ठेवली नाहीत. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे मुलाला दिवसा नोकरी करता यावी. ही एक साधी गोष्ट किती जणांच्या उपयोगी पडली असेल! आमच्या वर्गातही काही जण उंबरगावच्या कारखान्यात रात्रपाळी करून येतात आणि तिसऱ्या तासाला डुलक्या घेतात. वेळापत्रक गरिबाच्या सोयीने आखता येते, हे त्यांनी 1946 मध्येच करून दाखवले होते. त्यांच्या संग्रहातली पुष्कळ पुस्तके पुढे सिद्धार्थच्याच ग्रंथालयात आली. 1950 मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, संस्थेचे दुसरे महाविद्यालय निघाले. त्याचेच नाव पुढे मिलिंद.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. केळुसकरांनी दिलेले पुस्तक एकोणपन्नास वर्षांनी तिथपर्यंत आले. 5 डिसेंबरच्या रात्री दिल्लीत अलीपूर रोडवरच्या घरात ते थकलेले होते, दृष्टी अधू झाली होती. तरी त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित आणि काही पुस्तके उशाशी आणवून घेतली. 6 डिसेंबरला सकाळी ते झोपेतच गेलेले आढळले. ग्रंथ छापून आला तो 1957 मध्ये.

माझी एक मैत्रीण दर वर्षी 6 डिसेंबरला घरच्यांबरोबर दादरला जाते. गेल्या खेपेस मीही गेले. डहाणूहून पहाटेच्या गाडीत उभे राहायला जागा नव्हती. शिवाजी पार्कच्या बाजूला पुस्तकांची दुकाने मांडलेली, ताडपत्रीवर, खाटेवर, टेम्पोच्या फळीवर; आणि विदर्भ-मराठवाड्याकडून आलेली माणसे डब्यातली भाकरी खाऊन झाल्यावर रांगेत उभी राहून पुस्तके निवडत होती. मैत्रिणीच्या आजीने घटनेची प्रत घेतली आणि ती पदरात बांधली. मी दोन पातळ पुस्तके घेतली. विक्रेत्याने एक रुपयाही कमी केला नाही. म्हणाला की इथे भाव होत नाही, पण वाचून परत आणलीस तर बदलून देईन. मी ती परत नेणार नाही. आमच्या घरात कुडाला आता एक फळी ठोकली आहे, तिच्यावर ती दोन आणि शाळेतली जुनी चार अशी सहा झाली आहेत.