तंजावरच्या कामाक्षीबाईसाहेब

महाराष्ट्रातून पाहुणे आले की चेन्नईतील मराठी कुटुंबाने त्यांस तंजावर दाखवावयाचे, हा आता कुळाचारच झाला आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी महाराजांनी 1803 साली कोरविलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख पाहावयाचा, सरस्वती महालातील मोडी रुमालांना हात जोडावयाचे आणि परतीच्या प्रवासात महाराजांच्या विद्याव्यासंगाचे गोडवे गावयाचे. आम्हीही अनेकदा हेच केले आहे. परंतु ज्या राजवाड्यात आपण उभे असतो तो कंपनी सरकारने एकदा फौजेच्या बळावर जप्त केला होता आणि त्या जप्तीविरुद्ध एका विधवा मराठी राणीने याच मद्रास शहरात सरकारवर फिर्याद लावली होती, ही हकीकत सांगावयाचे आमच्याकडून नेहमी राहून जाते.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्या राणीचे नाव पाठ असते. मात्र इंग्रजी दप्तरात ते कामाची बोई सहाबा अशा थाटाने उतरले असल्यामुळे ते आपल्याच घरातील आहे हे मराठी विद्यार्थ्याच्याही ध्यानात येत नाही! कामाक्षीबाईसाहेब हे ते नाव. त्यातील कामाक्षी कांचीची आणि बाईसाहेब आपल्याकडच्या. पावणेदोनशे वर्षे दक्षिणेत नांदलेल्या घराण्याची सारी कथा या एका नावात सामावली आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापिलेल्या या राज्याचा कारभार 1799 च्या तहाने कंपनीच्या हाती गेला. सरफोजींकडे तंजावरचा किल्ला व त्याभोवतालचा थोडा मुलूख, वर्षाकाठी एक लक्ष पागोडा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. 1832 साली त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले. कामाक्षीबाई या त्यांच्या थोरल्या राणी. राजेसाहेबांनी अनेक विवाह केले, परंतु पुत्रसंतान राहिले नाही. 29 ऑक्टोबर 1855 रोजी ते निवर्तले तेव्हा मागे राण्यांचा मोठा परिवार आणि कन्या एवढेच होते.

सातारा, नागपूर आणि झाशी ही राज्ये त्यापूर्वीच खालसा झाली होती. नागपूरकर भोसल्यांचे जडजवाहीर आणि हत्तीघोडेसुद्धा लिलावात निघाल्याची वार्ता ताजी होती. तंजावरी काय होणार हे वाड्यातील बायकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुरुष वारस नाही म्हणून तंजावरचे राजपद संपुष्टात आले असा ठराव झाला, आणि ऑक्टोबर 1856 मध्ये फोर्ब्स नावाच्या कमिशनरने फौजेसह राजवाड्याचा ताबा घेतला. खजिना, जवाहीर, चीजवस्तू, सारे सरकारी मोहोरेखाली गेले. राज्याबरोबर घरही गेले म्हणावयाचे! मद्रास इलाख्यात 1830 साली सतीबंदीचा कायदा करणारे आणि 1856 च्या जुलैत विधवाविवाहास मान्यता देणारे सरकार ते हेच. विधवांच्या हिताचा कळवळा आणि विधवांच्या घराची जप्ती एकाच वर्षी घडावी, हा योगायोग आम्हांस तरी विसरता येत नाही.

येथे कामाक्षीबाईंनी धरलेला मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. राजपद आणि राजाची खाजगी मिळकत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राजपदास पुरुष वारस लागत असेल, पण मिताक्षरेप्रमाणे पुत्रहीन पुरुषाच्या विभक्त मिळकतीची वारस त्याची पत्नीच होते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे त्यांनी गादी मागितली नाही, घर मागितले. आणि तेही अर्जविनंती करून नव्हे, तर वारसाच्या हक्काने. मद्रासच्या वकीलवर्गातील अग्रगण्य बॅरिस्टर जॉन ब्रूस नॉर्टन यांनी राण्यांची बाजू घेतली. पुढे हेच गृहस्थ मद्रासचे अ‍ॅडव्होकेट जनरल झाले. समुद्रकिनाऱ्यावरील बेंटिंक बिल्डिंगमध्ये तेव्हा सुप्रीम कोर्ट भरत असे. तेथे कंपनीविरुद्ध दावा दाखल झाला, आणि खाजगी मिळकतीपुरता निकाल राणीच्या बाजूने लागला. ज्या सत्तेची फौज वाड्यात शिरली, तिच्याच न्यायपीठाने ती मिळकत त्या बाईची आहे असे म्हटले. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती.

याच सुमारास उत्तरेत दुसरी मराठी राणी रणात उतरली होती. झाशीच्या लक्ष्मीबाईंचे गाऱ्हाणेही कंपनीच्या याच धोरणाविरुद्ध होते. त्यांनीही आधी वकील गाठला, जॉन लँग यांच्याकरवी अर्ज लिहविले, लंडनपर्यंत दाद मागितली. तिकडून नकार आला आणि 1857 च्या वणव्यात त्यांनी तलवार उचलली. जून 1858 मध्ये ग्वाल्हेरजवळ त्या धारातीर्थी पडल्या. लक्ष्मीबाईंचे पुतळे गावोगाव उभे राहिले, कामाक्षीबाईंची तसबीरही आपल्यापैकी कोणाच्या घरी नाही. तलवारीची कथा मुलांना सांगण्यास सोपी, दाव्याची अवघड, हे खरे. परंतु कामाक्षीबाई मवाळ म्हणून कोर्टात गेल्या असे मानणे आम्हांस पटत नाही. झाशीस किल्ला होता, सैन्य उभे करता आले. तंजावरी 1799 नंतर लढण्याजोगे सैन्य उरलेच नव्हते. जे शस्त्र हाती होते ते त्यांनी चालविले.

दावा चालू असतानाच कंपनीची सत्ता गेली. लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे अपील निघाले तेव्हा प्रतिवादीच्या जागी कंपनी नव्हती, भारतमंत्री होते. जुलै 1859 मध्ये लॉर्ड किंग्सडाऊन यांनी निकाल दिला आणि मद्रासचा हुकूमनामा रद्द झाला. जप्ती हे सार्वभौम सत्तेने फौजेच्या बळावर केलेले राज्यकृत्य आहे. ते न्यायाचे की अन्यायाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही दिवाणी न्यायालयास नाही, असे त्याचे सार. थोडक्यात, सरकारने कायद्याच्या आधारे घर घेतले असते तर बाई जिंकल्या असत्या; कायदा बाजूला सारून घेतले म्हणून हरल्या! हे तत्त्व मोठे चिवट निघाले. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, त्यांतून उद्भवलेल्या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही या निकालाचा हवाला निघाला.

तथापि इतका गाजावाजा झालेले प्रकरण सरकारला निमूटपणे गिळता आले नाही. 1862 साली खाजगी मिळकत राण्यांना परत मिळाली. सर्व राण्यांनी हयातीपर्यंत उपभोग घ्यावा, व्यवस्था थोरल्या राणीने पाहावी आणि सर्वांच्या पश्चात ती राजकन्येकडे जावी अशी योजना झाली. मात्र जे हक्क म्हणून मागितले होते, ते सरकारी मेहेरबानी म्हणून पदरात पडले. कामाक्षीबाईंना हा भेद कळत नसेल असे आम्हांस वाटत नाही.

घर परत आले आणि घरातील कज्जे सुरू झाले, हेही सांगितले पाहिजे. सवतींपैकी जिजयांबाबाईसाहेब यांनी कामाक्षीबाईंच्या कारभाराविरुद्ध न्यायालय गाठले. सुप्रीम कोर्टाच्या जागी 1862 मध्ये आलेले मद्रास हायकोर्ट त्याच बेंटिंक बिल्डिंगमध्ये बसत असे. पूर्वी वादी म्हणून नाव नोंदले गेले तेथेच आता थोरल्या राणी प्रतिवादी झाल्या. 1868 च्या निकालाने सर्व विधवांचा उपभोगाचा हक्क सारखा ठरला, एक गेली की तिचा हक्क उरलेल्यांकडे जावा आणि व्यवस्थेचा अग्रहक्क थोरलीचा असावा असे ठरले. एकाच पुरुषाच्या अनेक विधवांचे भांडण जेथे जेथे कोर्टात आले, तेथे हा तंजावरचा निकाल वकिलांनी पुढे केला, आणि ज्यांनी राजवाडा कधी पाहिलाही नाही अशा बायकांच्या वाट्याचा निवाडा त्यावरून झाला. विधवेची ही हयातीपुरती मालकी पूर्ण मालकी होण्यास 1956 चा हिंदू वारसा कायदा यावा लागला.

बेंटिंक बिल्डिंग पुढे पाडली गेली. राजाजी सालैवर आज त्या जागी सिंगारवेलर माळिगै आहे. तेथे जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी भरते आणि वारसाच्या दाखल्यांची कामे घेऊन आलेल्या बायका जिन्यावर बसलेल्या दिसतात.