बॅरिस्टर बाबासाहेब आणि सनदेचे पैसे



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार झाले, हे आपल्या चिंचोटीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण ते वकील कसे झाले, त्याला पैसा कुठून आला, हे आपण पोरांना फारसे सांगत नाही. विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही तेवढेच सांगतो.

14 एप्रिल 1891 रोजी महूला त्यांचा जन्म झाला. सुभेदार रामजींनी पेन्शनीवर घर चालवून लेकाला शिकवले. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजसाठी केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना 25 रुपये सुरू झाले. 2 फेब्रुवारी 1913 ला वडील गेले. त्याच वर्षी महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप देऊन त्यांना अमेरिकेला धाडले. अट एकच, परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी.

1916 साली न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीला नाव घातले. 1917 ला स्कॉलरशिपची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून यावे लागले. अटीप्रमाणे बडोद्याला हजर झाले, तर कचेरीतले शिपाईसुद्धा कागद लांबून फेकायचे. गावात राहायला जागा मिळेना. शेवटी नोकरी सोडून मुंबई गाठली. महाराजांचे उपकार मोठेच, पण कराराने जिथे नेले तिथे माणूस म्हणून जगता येईना.

1918 साली सिडनहॅम कॉलेजात ते प्रोफेसर झाले. पगारातून पै-पै साठवली. माता रमाईने परळच्या चाळीत पोटाला चिमटा घेतला. 1920 साली छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा कुठे पुन्हा लंडन दिसले. 1922 साली ते बॅरिस्टर झाले.

खरी गोष्ट इथून पुढेच आहे. 1923 साली ते परत आले. हातात पदव्या, पण वकिलीची सनद काढायला पैसे नाहीत! तेही भथेनांनीच दिले. सनद मिळाली, तरी अस्पृश्य बॅरिस्टरकडे पैसेवाले अशील कशाला येतील? म्हणून शिकवायचे काम धरले. 1928 साली सरकारी लॉ कॉलेजात प्रोफेसर झाले. त्या पगारावर चूल पेटायची आणि गोरगरिबांचे दावे लढता यायचे.

फळ काय मिळाले? 1926 साली पुण्याच्या खटल्यात जेधे, जवळकर प्रभृती सुटले. महाडच्या चवदार तळ्याचा दावा 1927 पासून दहा वर्षे चालला. त्यात प्रतिवादी खुद्द बाबासाहेब. 17 मार्च 1937 ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. सनदेचे पैसे वेळेला मिळाले नसते, तर हे लढे कसे लढले असते, याचा विचार करा. पुढे 1956 साली त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ लॉ कॉलेज उघडले.

आज आपली पोरेपोरी एलएल.बी. करतात. फीला सरकारी शिष्यवृत्तीचा आधार असतो. पण पदवी हाती आली की आधार संपतो. सनद, काळा कोट, पुस्तके, वसई कोर्टाला जायचे-यायचे भाडे, आणि मोठ्या वकिलाच्या हाताखाली दोन-तीन वर्षे तुटपुंज्या पैशात काढायची. घरची चूल थांबत नाही. मग पोरगी कुठल्यातरी कंपनीत चिकटते आणि खोलीचे कागद, जातीचा दाखला, ग्रॅच्युइटी यांसाठी आपण परक्यांचे उंबरठे झिजवतो.

आमचे म्हणणे एवढेच. विहारात दर महिन्याला घरटी थोडे पैसे बाजूला काढावेत आणि नव्या वकिलाला सनदेपासून पहिली तीन वर्षे हात द्यावा. दहा वर्षांचा करारनामा नको. रविवारी विहारात बसून त्याने चार माणसांचे कागद वाचून दिले, तरी आमची फेड झाली.

जयभीम! नमो बुद्धाय!