लायगो येतंय यवतमाळच्या शेजारी, पण त्यामागचं गणित एका कोल्हापूरकराने बनारसमध्ये शिकवलं होतं

पुसद ओलांडून पुढं गेलं की हिंगोली जिल्हा लागतो. तिथं औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. ताऱ्यांच्या टकरीतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी हे यंत्र पकडणार आणि आइन्स्टाईनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम किती खरा, तेही तपासणार.

हा नियम भारतात ज्यांनी रुजवला, त्यातलं मोठं नाव म्हणजे रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकर. आज ते जयंत नारळीकरांचे वडील एवढ्यावरच ओळखले जातात.

त्यांचा जन्म १९०८ चा, कोल्हापूरचा. मुंबईत शिकून ते केंब्रिजला गेले आणि रँग्लर झाले. तिथं तेव्हा एडिंग्टन होते. १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे मोजून आइन्स्टाईनची पहिली मोठी परीक्षा घेणारे हेच.

पण नारळीकर तिथं थांबले नाहीत. पंडित मदनमोहन मालवीयांनी बोलावलं आणि १९३२ मध्ये, ऐन विशीत, ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवायला आले. सापेक्षतावाद म्हणजे तेव्हा अनेकांच्या मते नुसती कागदावरची आकडेमोड. तरीही जवळपास २८ वर्षं त्यांनी तिथं विद्यार्थी घडवले.

त्यातलेच एक प्रल्हाद चुनीलाल वैद्य. प्रकाश बाहेर फेकणाऱ्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण कसं असेल, याचं उत्तर त्यांनी १९४३ मध्ये काढलं. जगभर ते आजही वैद्यांच्या नावाने वापरलं जातं.

गंमत म्हणजे आइन्स्टाईनच्या नियमाला पर्याय नारळीकरांच्या घरातूनच आला. १९६४ मध्ये जयंतरावांनी फ्रेड हॉईल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला.

१९९१ मध्ये रँग्लर नारळीकर गेले आणि खरा पेच त्यानंतर उभा राहिला. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय, असं १९९८ मध्ये दिसलं. मग हा वेग वाढवतंय कोण? एक उत्तर, न दिसणारी कृष्ण ऊर्जा. दुसरं, फार मोठ्या अंतरावर आइन्स्टाईनचा नियमच बदलत असेल.

याचा निकाल नुसत्या चर्चेने लागत नाही, मोजावं लागतं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी पृथ्वीवर पोचल्या आणि दोन सेकंदांच्या आत त्याच टकरीचे गॅमा किरणही. प्रवास होता सुमारे १३ कोटी वर्षांचा. म्हणजे दोघांचा वेग जवळपास सारखाच. हे वेग वेगळे असतील असं सांगणारे कितीतरी पर्यायी सिद्धांत तिथंच बाद झाले. सगळे मात्र नाही.

उरलेल्यांची परीक्षा बाकी आहे. लायगो-इंडियात पुण्याची आयुका भागीदार आहे आणि आयुका उभी केली ती जयंतरावांनी. वडिलांनी बनारसमध्ये फळ्यावर शिकवलेली समीकरणं आता यवतमाळच्या शेजारी तपासली जाणार आहेत.