डोळ्यांच्या भरवशावर आकाश जिंकणारे जेआरडी

भारतीय नागरी विमान वाहतुकीचे जनक जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हार्दलो गावी सुटी घालवताना इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे शेजारपण त्यांना लाभले आणि तेथेच विमानविद्येचे बीज रुजले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होता.

त्या काळातील छोट्या विमानांत रेडिओ नसे. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि स्वतःचे डोळे एवढाच आधार. समोर किती अंतरापर्यंत दिसते, याचा अंदाज वैमानिकालाच बांधावा लागे. धूसर हवेत जेमतेम दिसू लागलेली खूण हेरायची आणि ती पायाखाली येईपर्यंतचा वेळ मोजायचा, ही त्याची एक सोपी रीत. जमिनीच्या तुलनेत वेग ताशी 160 किलोमीटर असेल आणि 3 मिनिटे लागली, तर दृश्यमानता 8 किलोमीटर. वऱ्हाडातील परिचित उदाहरण द्यायचे, तर यवतमाळच्या पठारावरून दक्षिणेकडे निघालेल्या वैमानिकाला पैनगंगेचे पात्र अशी खूण ठरू शकते. ते अपेक्षित वेळी दिसले नाही, तर वेळीच मागे फिरण्यात शहाणपण असते.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडींनी एकट्याने ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले. नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे, तेव्हा ही सेवा पुण्याहून चाले. याच रोपट्यातून 1946 मध्ये ‘एअर इंडिया’ उभी राहिली आणि 8 जून 1948 रोजी तिचे विमान लंडनकडे झेपावले. 1953 च्या राष्ट्रीयीकरणानंतरही अध्यक्षपद जेआरडींकडेच राहिले.

1 जानेवारी 1978 च्या रात्री मात्र ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान मुंबईहून उड्डाण करताच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व 213 जण मृत्युमुखी पडले. विमानाचा कल दाखवणारे कॅप्टनसमोरील उपकरण बिघडले होते आणि काळ्याभोर समुद्रावर क्षितिजही दिसत नव्हते. यंत्रे कितीही प्रगत झाली, तरी ती दगा देतात तेव्हा डोळ्यांना आधार लागतो, आणि त्या अंधारात तो नव्हता. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले.

15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी पहिल्या टपालफेरीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. 1992 मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ने गौरवण्यात आले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेली ‘एअर इंडिया’ जानेवारी 2022 मध्ये टाटा समूहाकडे परतली.