मिठाचे आठ आणे

गोपाळ कृष्ण गोखल्यांना पैशाची किंमत शाळेच्या आधी घरातच कळली. १८७९ साली वडील गेले. थोरल्या भावाने स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये तो धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागला. पुढे गोखल्यांनी फर्ग्युसन कॉलेजात शिकवले, अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या तालमीत सरकारी अहवालांतले आकडे उलटेसुलटे तपासण्याची सवय लावून घेतली.

ती सवय २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात कामी आली. लॉर्ड कर्झनचे सरकार सुमारे सात कोटींच्या शिलकीवर खूश होते. गोखल्यांनी अभिनंदन करायचे नाकारले. त्यांचे गणित सरळ होते. रुपया घसरला तेव्हा इंग्लंडला पाठवायच्या रकमा महाग पडत. त्या ओढाताणीच्या काळात सरकारने कर चढवले. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोनाचा अडीच रुपये झाला. नंतर सरकारनेच रुपयाचा भाव वर नेला, तो बोजा हलका झाला, पण कर उतरले नाहीत. मधल्या काळात दोन मोठे दुष्काळ पडले. रयत उपाशी आणि तिजोरी भरलेली, ही भरभराट कसली?

पण खर्च तर वाढतच होता, विशेषतः लष्कराचा. मग कर कमी कसे करायचे? गोखल्यांचे म्हणणे असे, की हाती शिल्लक खुळखुळत असली की लष्कराच्या मागण्यांना आवर राहत नाही; पैसा लोकांच्या घरात राहू द्या, म्हणजे खर्चाला आपोआप लगाम बसेल. (खर्च करणाऱ्यांवर मतदाराचा धाक नव्हता, हे इथे विसरून चालणार नाही. एरवी हा युक्तिवाद इतका भक्कम ठरत नाही.) १९०३ साली मिठाचा कर आठ आण्यांनी उतरला, १९०५ मध्ये आणखी आठ आणे, १९०७ मध्ये पुन्हा आठ. मणाला एक रुपया उरला. मिठाचा खप वाढला, त्यामुळे बुडालेल्या उत्पन्नाचा काही भाग भरूनही निघाला.

एखादा पुढारी एवढ्या यशावर जन्मभर टाळ्या घेत राहिला असता. गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. पैसा कुठून आणणार, हा प्रश्न आलाच. आयातीवरची जकात वाढवा, असे त्यांनी सुचवले. आणि तेवढ्याने भागत नसेल, तर मिठावर पुन्हा आठ आणे बसवायलाही आपली तयारी असल्याचे सांगितले. माणसांनी मीठ थोडे कमी खाल्ले तरी चालेल, पोरे निरक्षर राहता कामा नयेत, असा त्यांचा हिशोब होता. गरिबाच्या जेवणातला हा कर उतरवण्यासाठी जो इतकी वर्षे भांडला, त्याच्या तोंडी हे शब्द किती जड गेले असतील!

मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले पुण्यात वारले. पुढच्याच वर्षी सरकारने मिठाचा कर चार आण्यांनी चढवला. तेव्हा महायुद्ध चालू होते.