सावित्रीची कथा आणि बुलढाण्याच्या ताराबाई

आजचे वाचन: महाभारत, वनपर्व (सावित्री-उपाख्यान)



नवऱ्याच्या प्राणासाठी यमामागे चालत गेलेली सावित्री आपल्याला पाठ आहे. वटपौर्णिमेला घरोघरी तीच कथा. पण या कथेला उलटा प्रश्न विचारणारी बाई आपल्या बुलढाण्याची होती, हे किती जणांना माहितीये?

ताराबाई शिंदे यांचा जन्म १८५० च्या सुमारास झाला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे. लेकीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न लवकर झालं, नवरा घरजावई आला. मूलबाळ झालं नाही.

१८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर स्वतःचं तान्हं बाळ मारल्याचा खटला चालला. आधी फाशी सुनावली, अपिलात शिक्षा कमी झाली. या निमित्ताने 'पुणे वैभव' पत्राने सगळ्याच बायकांच्या वागण्यावर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहून उत्तर दिलं. पुण्यात छापलेल्या प्रती फक्त ५००.

बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन त्यांनी तो पुरुषांशी ताडून पाहिला. विधवेला पुन्हा लग्नाची वाट बंद करायची, आणि पाऊल घसरलं की दोष तिचाच, हा कुठला न्याय? त्यांनी पोथ्यांनाही सोडलं नाही. बायकोच्या प्राणासाठी यमाच्या दारी गेलेला नवरा कुठे ऐकलाय का, असं त्यांनी सरळ विचारलं.

टीका खूप झाली. जोतीराव फुले 'सत्सार'मधून १८८५ मध्ये पाठीशी उभे राहिले. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापलं तेव्हा कुठे ते लोकांसमोर आलं.

एकच नियम दोन युजरना वेगवेगळा लागला, तर आम्ही इंजिनिअर त्याला बग म्हणतो. निष्ठा हा धर्म असेल तर तो दोघांचा. सावित्रीची कथा यामुळे लहान होत नाही. उलट पुरुषांनीही ती स्वतःसाठी वाचायला हवी.

आजचं मनन: बायकोच्या आजारपणात, थकव्यात, तिच्या अडचणीत मी किती पावलं चाललो?

राम कृष्ण हरी.