न ऐकलेली नदी

प्राग शहरातून वाहणारी व्ल्टावा नदी वाद्यवृंदाच्या सुरांत उतरवणारा चेक संगीतकार बेड्रिख स्मेताना याने आपली ही रचना कधीही ऐकली नाही. २० नोव्हेंबर १८७४ रोजी त्याने ती लिहावयास घेतली, तेव्हा त्याला ठार बहिरेपण येऊन जेमतेम महिना लोटला होता.

स्मेतानाचा जन्म २ मार्च १८२४ रोजी बोहेमियातील लितोमिशल या गावी झाला. वडील मद्यनिर्मितीच्या व्यवसायात होते. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्याचा भाग असल्याने त्याचे शिक्षण जर्मन भाषेतून झाले. पुढे राष्ट्रीय संगीतकार म्हणून गौरवल्या गेलेल्या या माणसाला आपली मातृभाषा चाळिशीच्या उंबरठ्यावर नव्याने शिकावी लागली, हे आज विलक्षण वाटते. १८४८ च्या उठावात त्याने भाग घेतला, त्याच वर्षी प्रागमध्ये संगीतशाळा काढली आणि पुढच्या वर्षी कातेर्झिनाशी विवाह केला. १८५४ ते १८५६ या काळात त्याच्या चारपैकी तीन मुली दगावल्या. प्रागमध्ये मन रमेना, तेव्हा तो स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे गेला. १८५९ मध्ये मायदेशी परतत असताना वाटेत ड्रेस्डेन येथे पत्नीचेही निधन झाले.

१८६६ साली त्याची 'द बार्टर्ड ब्राइड' ही ऑपेरा रंगमंचावर आली. त्याच वर्षी प्रागच्या प्रॉव्हिजनल थिएटरचे प्रमुख संचालकपद त्याच्याकडे आले. विरोधकही कमी नव्हते. तो परदेशी वळणाचे संगीत चेक जनतेवर लादतो, असा आक्षेप सतत घेतला जाई. अशातच १८७४ च्या उन्हाळ्यात कानांची तक्रार सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये श्रवणशक्ती पूर्णपणे गेली. पद सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

'व्ल्टावा' मात्र अवघ्या एकोणीस दिवसांत पूर्ण झाली. 'मा व्लास्त', म्हणजे 'माझा देश', या सहा स्वरकाव्यांच्या मालिकेतील ही दुसरी रचना. सुरुवातीला दोन फ्लूट एकमेकांत गुंतत जातात. तो नदीचा पहिला झरा. क्लॅरिनेट येतात, तो दुसरा. मग तंतुवाद्यांवर मुख्य धून उमलते आणि पात्र रुंदावते. रानातून शिकाऱ्यांची शिंगे ऐकू येतात, काठावरच्या गावात लग्नातील पोल्का रंगतो, चांदण्यात जलपऱ्या उतरतात. पुढे सेंट जॉनच्या खडकाळ घळीत सारा वाद्यवृंद खवळतो. (ती घळ नंतर श्तेखोव्हित्से धरणाच्या जलाशयात बुडाली.) शेवटी व्हिशेह्रादच्या प्राचीन गडाला वंदन करून नदी दूर निघून जाते. या मुख्य धूनचे मूळ एका जुन्या इटालियन चालीत असल्याचे अभ्यासक मानतात. पण तिला प्रवाहाची ओढ दिली ती स्मेतानानेच. नदीचे नाद त्याच्या स्मरणात होते, ते कागदावर उतरवण्यास कानांची गरज लागली नाही.

४ एप्रिल १८७५ रोजी प्रागमध्ये 'व्ल्टावा' प्रथम सादर झाली. पुढच्याच वर्षी स्मेताना याबकेनित्से या खेड्यात मुलगी झोफीच्या घरी राहावयास गेला. कानांत अखंड घुमणारा आवाज त्याला छळत असे. १८७६ च्या 'माझ्या जीवनातून' या तंतुवाद्य-चौकडीच्या अखेरच्या भागात व्हायोलिनवर एकाएकी ताणलेला तीव्र सूर आहे, तो त्याचाच. तशा अवस्थेतही त्याने 'मा व्लास्त' पूर्ण केली. ५ नोव्हेंबर १८८२ रोजी सहाही स्वरकाव्ये प्रथमच एकत्र सादर झाली.

नंतर मात्र मनाचा तोल ढळत गेला. १८८४ च्या वसंतात त्याला प्रागच्या मनोरुग्णालयात हलवण्यात आले आणि १२ मे रोजी तेथेच त्याचा अंत झाला. व्हिशेह्रादच्या दफनभूमीत, व्ल्टावाच्या काठी, त्याची समाधी आहे.

'प्राग स्प्रिंग' या संगीत महोत्सवाचा प्रारंभ परंपरेने त्याच्या पुण्यतिथीला 'मा व्लास्त'ने होतो. साम्यवादी राजवट आल्यावर १९४८ मध्ये देश सोडून गेलेले संगीत-संचालक राफाएल कुबेलिक १९९० साली बेचाळीस वर्षांनी परतले, ते याच मंचावर, हीच नदी घेऊन.